प्रकाशानुवर्तन व जीवनसत्त्वे

वनस्पतीच्या वाढत्या अवयवावर एकाच बाजूने प्रकाश पडत राहिल्यास त्या अवयवाच्या दोन बाजूंची वाढ असमान होऊन तो वाकतो व त्याच्या वाढीस प्रकाशाच्या रोखाने निश्चित दिशा मिळते. या आविष्कारास ‘प्रकाशानुवर्तन’ म्हणतात. बहुतेक खोडे व कोंब प्रकाशाकडे वळतात (धन प्रकाशानुवर्तन), काही वनस्पतींची मुळे प्रकाशापासून दूर जातात (ऋण प्रकाशानुवर्तन), तर अनेक पाने आपले पाते किरणांशी काटकोनात येईल अशा बेताने वळतात (तिर्यक् प्रकाशानुवर्तन). पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील चाकण हे कांदा व बटाटा यांच्या व्यापाराचे जुने केंद्र असून तेथील शेतकऱ्यास हा आविष्कार परिचयाचा आहे : काळोख्या खोलीत ठेवलेल्या बटाट्यांना फुटलेले पांढुरके कोंब दाराच्या फटीकडे तोंड करून वाढतात.

जीवनसत्त्वे म्हणजे प्राण्यांच्या शरीरव्यापारास अत्यल्प प्रमाणात लागणारी, परंतु बहुधा अन्नातूनच मिळवावी लागणारी कार्बनी संयुगे होत. ‘व्हिटामीन’ ही संज्ञा कॅझिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये रूढ केली. हिरव्या वनस्पतींनाही यांपैकी बहुतेक संयुगांची गरज असते. मात्र ती त्या स्वतःच तयार करतात. रोपांना बाहेरून जीवनसत्त्वे दिल्यास ती प्रकाशाकडे अधिक जोमाने वळतात काय, हा प्रश्न दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. एक तर, प्रकाशाची दिशा ओळखणाऱ्या वनस्पतींतील प्रथिनाचा कार्यकारी भाग रिबोफ्लाविन (ब₂ जीवनसत्त्व) या जीवनसत्त्वापासूनच बनतो. दुसरे असे की, पिकांवर फवारण्याच्या व मुळांशी ओतण्याच्या जीवनसत्त्वयुक्त द्रावणांवर शेतकऱ्यांचा पैसा खर्च होतो. पहिल्या गोष्टीवरून दुसरीचे समर्थन करता येईल असे वरवर पाहता वाटते. ते का करता येत नाही, हे प्रकाशानुवर्तनाच्या यंत्रणेवरून स्पष्ट होते.

इतिहास : प्रकाशानुवर्तनाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया चार्ल्स डार्विन (१८०९–८२) व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी घातला. वनस्पतींच्या हालचालींसंबंधीच्या १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी कॅनरी गवताच्या कोवळ्या अंकुरांवरील प्रयोग वर्णिले आहेत. गवतवर्गीय वनस्पतींच्या पहिल्या पानाभोवती नळीसारखे एक आवरण असते (यास पुढे अंकुरावरण म्हटले आहे). त्याच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातल्यास अंकुर वाकत नाही. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकल्यास मात्र वाकतो, असे त्यांना दिसून आले. प्रकाशाची जाणीव टोकास होते, वाकण्याची क्रिया टोकाखालील भागात घडते व टोकाकडून खाली काहीतरी संदेश जातो, हा त्यांचा निष्कर्ष होता.

डेन्मार्कमधील पेटर बॉयसेन-येन्सेन यांनी १९१० नंतरच्या काही वर्षांत हा संदेश जिलेटिनाच्या चकतीतून पलीकडे जातो, परंतु अभ्रकाच्या पातळ पापुद्र्याने अडतो, असे दाखविले. यावरून तो एखाद्या विद्राव्य द्रव्याच्या रूपाने जात असावा हे उघड झाले. नेदर्लंड्समधील युट्रेक्ट येथे एफ्. डब्ल्यू. वेंट (१९०३–९०) यांनी ओटच्या अंकुरावरणाची कापलेली टोके अगरच्या लहान तुकड्यांवर ठेवून ते द्रव्य त्या तुकड्यांत उतरविले आणि असा तुकडा टोक छाटलेल्या अंकुरावर एका बाजूस ठेवला. तेव्हा तो अंकुर काळोखातही विरुद्ध बाजूस वाकला. हे प्रयोग १९२६ ते १९२८ या काळातील होत. या द्रव्याला पुढे ‘ऑक्सिन’ हे नाव मिळाले (→ हॉर्मोने). फ्रिट्स कोग्ल व त्यांचे सहकारी यांनी १९३४ मध्ये मानवी मूत्रातून वेगळे केलेले इंडॉल ॲसिटिक अम्ल हे वनस्पतींतील प्रमुख नैसर्गिक ऑक्सिन असल्याचे नंतर निश्चित झाले. याच कोग्ल यांनी १९३६ मध्ये अंड्यांच्या सुक्या बलकापासून बायोटीन वेगळे केले. यीस्टच्या वाढीस लागणारे हे द्रव्य पुढे ब-समूहातील जीवनसत्त्व ठरले. जीवनसत्त्वे व वनस्पतींची हॉर्मोने यांचा अभ्यास प्रारंभी किती लगतच्या वाटांनी चालला होता, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वाकण्याची यंत्रणा : एन्. जी. खोलोदनी व वेंट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धांतानुसार एका बाजूने प्रकाश पडल्यावर ऑक्सिन छायेच्या बाजूस अधिक प्रमाणात जाते. तेथील कोशिका (पेशी) त्यामुळे अधिक लांब होतात आणि अवयव प्रकाशाकडे कलतो. म्हणजे प्रकाश कोंबाला ओढून घेत नाही. छायेची बाजू अधिक वाढून त्याला प्रकाशाकडे ढकलते. छायेच्या बाजूस ऑक्सिन अधिक असण्याची दोन कारणे संभवतात. ते प्रकाशित बाजूकडून छायेकडे वाहून नेले जात असेल किंवा प्रकाशित बाजूस नष्ट होत असेल. विन्स्लो ब्रिग्ज व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये मक्याच्या अंकुरावर प्रयोग करून या प्रश्नाचा निर्णय केला. अंकुरातून खाली उतरणारे एकूण ऑक्सिन काळोखात व एका बाजूच्या प्रकाशात सारखेच भरले. टोकाचे पातळ काचेने उभे दोन पूर्ण भाग केले असता मात्र दोन बाजूंतील फरक नाहीसा झाला. यावरून ऑक्सिन नष्ट होत नसून आडवे वाहून नेले जाते, हे सिद्ध झाले. कोशिकांच्या पटलांत असणारी ऑक्सिनवाहक प्रथिने या वहनाचे काम करतात, असे पुढील संशोधनावरून कळून आले.

ए. एच्. ब्लाऊ यांनी १९०९ मध्ये दाखविल्याप्रमाणे मंद प्रकाशाच्या मर्यादेत वाकण्याचे प्रमाण हे प्रकाशाची तीव्रता व तो पडण्याचा काळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. क्षणभर पडलेला प्रखर प्रकाश व दीर्घकाळ पडलेला मंद प्रकाश यांचा परिणाम सारखाच होतो. अंकुराला जणू मिळालेल्या प्रकाशाचा हिशेब ठेवता येतो. हा हिशेब ठेवणारे द्रव्य कोणते, हा त्यापुढील प्रश्न होता आणि येथेच जीवनसत्त्वांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो.

कॅरोटीन की रिबोफ्लाविन : तांबड्या प्रकाशात कोंब वाढतात, परंतु त्याच्याकडे वाकत नाहीत. वाकण्यास निळा प्रकाश लागतो. निरनिराळ्या तरंगलांब्यांचा प्रकाश वाकविण्यास किती परिणामकारक आहे हे दाखविणाऱ्या आलेखास ‘क्रियावर्णपट’ म्हणतात. प्रकाशानुवर्तनाच्या क्रियावर्णपटात सु. ४५० नॅनोमीटरच्या (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मीटर) आसपास निळ्या भागात मोठा उंचवटा व सु. ३७० नॅनोमीटरला जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या अलीकडील अदृश्य) भागात दुसरा उंचवटा आढळतो. प्रकाश ग्रहण करणारे रंगद्रव्य याच भागांत प्रकाश शोषणारे, म्हणजे दिसण्यास पिवळे, असले पाहिजे. अशी पिवळी द्रव्ये वनस्पतीत मुख्यतः दोन प्रकारची आहेत : गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनाच्या वर्गातील द्रव्ये व रिबोफ्लाविनाच्या वर्गातील फ्लाविने. पहिल्या वर्गातील बीटा-कॅरोटीन प्राण्यांच्या शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होते, तर रिबोफ्लाविन स्वतःच जीवनसत्त्व आहे. अशा रीतीने प्रकाशानुवर्तनाच्या ग्राहकासंबंधीचा वाद हा अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य व ब₂ जीवनसत्त्व यांच्यामधील वाद झाला आणि तो सु. साठ वर्षे चालला.

ओटच्या अंकुरावरणात कॅरोटिनाभ द्रव्ये असल्याचे १९३६ मध्ये आढळल्याने प्रारंभी कॅरोटिनाचा पक्ष बळावला. निळ्या भागातील उंचवट्याला असणारी लहान लहान शिखरेही कॅरोटिनाच्या शोषणाशी जुळत होती. आर्थर गॉल्स्टन यांनी १९४९–५० मध्ये रिबोफ्लाविनाचा पक्ष मांडला. इंडॉल ॲसिटिक अम्ल दृश्य प्रकाश शोषीत नाही व म्हणून निळ्या प्रकाशाचा त्यावर प्रत्यक्ष परिणाम होत नाही. परंतु विद्रावात रिबोफ्लाविन असल्यास ते प्रकाश शोषून घेते व त्या ऊर्जेने इंडॉल ॲसिटिक अम्लाचे ऑक्सिडीभवन (ऑक्सिजनाशी संयोग होण्याची विक्रिया) होऊन ते निष्क्रिय बनते, असे त्यांनी परीक्षानळीत दाखविले. प्रकाशित बाजूचे ऑक्सिन असे नष्ट होत असेल, तर कोंब वाकण्याचा उलगडा एका जीवनसत्त्वाने होऊ शकत होता. ही कल्पना आकर्षक होती. तथापि कोंबातील एकूण ऑक्सिन घटत नाही हे वर उल्लेखिलेल्या १९५७ च्या प्रयोगांनी दाखविल्यावर तिचा आधार गेला. परीक्षानळीत घडणारी विक्रिया खरी असली, तरी जिवंत कोंब तिच्यामुळे वाकत नव्हता.

द्रव्याची निवड मात्र गॉल्स्टन यांच्या बाजूने झाली. जंबुपार भागातील उंचवटा कॅरोटिनाने समजावून सांगता येत नव्हता. फ्लाविनाने येत होता. तसेच मक्याच्या कॅरोटिनाभविरहित अंकुरांतही प्रकाशानुवर्तन होते असे आढळले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासाने कॅरोटिनाभ वर्गातील झीॲझँथीन हे द्रव्य या क्रियेचे ग्राहक नसल्याचा पुरावा दिला. कॅरोटिनाभ द्रव्ये ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) काही प्रकाश अडवून प्रकाशित व छायेच्या बाजूंतील फरक वाढविण्यास साहाय्य करतात. त्यांची भूमिका पडद्याची आहे, डोळ्याची नव्हे.

फोटोट्रॉपीन : निळा प्रकाश पडताच वाटाण्याच्या कोंबातील कोशिकापटलांतील एका मोठ्या प्रथिनास फॉस्फेट गट जोडला जातो, हे ब्रिग्ज यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखविले. पुढे ॲरॅबिडॉप्सिस थॅलियाना या मोहरीच्या कुलातील लहान वनस्पतीचे प्रकाशाकडे न वळणारे उत्परिवर्ती (आनुवंशिक बदल झालेले) प्रकार मिळाले. त्यांत बिघडलेला जीन (आनुवंशिक घटक) १९९७ मध्ये ओळखण्यात आला. त्या जीनापासून बनणारे प्रथिन स्वतःच प्रकाशग्राहक आहे व त्यास फ्लाविन मोनोन्यूक्लिओटाइड हे रिबोफ्लाविनापासून बनलेले संयुग जोडलेले असते, असे १९९८ मध्ये सिद्ध झाले. या प्रथिनाला ‘फोटोट्रॉपीन’ हे नाव देण्यात आले. उच्च वनस्पतींत त्याचे दोन प्रकार आढळतात. त्यांपैकी पहिला अतिमंद प्रकाशासही प्रतिसाद देतो व दुसरा मुख्यतः अधिक तीव्र प्रकाशात कार्य करतो. पानांवरील त्वग्रंध्रे उघडणे व कोशिकेतील हरितकणूंनी प्रकाशानुसार जागा बदलणे, या क्रियाही हीच प्रथिने घडवून आणतात.

फोटोट्रॉपिनाच्या प्रत्येक रेणूत फ्लाविन धरून ठेवणारे दोन खंड असतात व प्रत्येकात फ्लाविन मोनोन्यूक्लिओटाइडाचा एकेक रेणू बसलेला असतो. निळा प्रकाश शोषला गेल्यावर हा रेणू प्रथिनातील सिस्टीन या ॲमिनो अम्लाशी रासायनिक बंधाने जोडला जातो. त्यामुळे प्रथिनाचा आकार किंचित बदलतो व त्याचे दुसरे टोक कार्यरत होते. काळोखात हा बंध काही सेकंदांत वा मिनिटांत आपोआप सुटतो व फ्लाविन पूर्वस्थितीत येऊन पुन्हा प्रकाश ग्रहण करण्यास सिद्ध होते. येथे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या व्यवहारात जीवनसत्त्व खर्च होत नाही. दिव्यातील तेलाप्रमाणे ते जळून संपत नाही. दाराच्या बिजागरीप्रमाणे तेच पुनःपुन्हा वापरले जाते.

वनस्पतींतील इतर प्रकाशग्राहकांपैकी क्रिप्टोक्रोम हेही फ्लाविनयुक्त असून त्यासोबत फॉलिक अम्लापासून बनलेले सहरंगद्रव्य असू शकते. क्रिप्टोक्रोमाचा संबंध मुख्यतः खोडाची लांबी मर्यादित राखण्याशी आहे. तांबडा व अतितांबडा प्रकाश ओळखणाऱ्या फायटोक्रोमाचे रंगद्रव्य मात्र जीवनसत्त्वापासून बनत नाही. दिवसाच्या लांबीनुसार कांद्याचे कंद भरणे हे फायटोक्रोमाशी निगडित कार्य आहे. प्रकाशानुवर्तनाशी त्याची गल्लत करू नये. कोवळ्या सूर्यफुलाने दिवसभर सूर्यामागे वळणे हीदेखील वेगळी बाब असून तीत वनस्पतीच्या अंतर्गत दैनिक लयीचा मोठा वाटा असतो.

थायामीन व वाढ : बाहेरून दिलेल्या जीवनसत्त्वाने वनस्पती जोमाने वाढते, या समजुतीचा उगम मुख्यतः थायामिनाच्या (ब₁ जीवनसत्त्वाच्या) संशोधनात आहे. फिलिप व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोच्या मुळांचे तुकडे निर्जंतुक पोषक विद्रावात अनिश्चित काळ वाढविण्यात यश मिळविले. त्या विद्रावात साखर व लवणे यांखेरीज यीस्टचा अर्क घालावा लागे. थायामिनाचे संश्लेषण १९३६ मध्ये साध्य झाल्यावर, यीस्टच्या अर्कातील मुख्य कार्यकारी द्रव्य तेच असल्याचे १९३७ मध्ये जेम्स बॉनर आणि विल्यम रॉबिन्स प्रभृतींनी दाखविले. मुळे थायामीन स्वतः पुरेसे तयार करीत नाहीत; ते पानांत तयार होऊन मुळांकडे जाते. एका अवयवात बनून दुसऱ्यात अत्यल्प प्रमाणात कार्य करणारे म्हणून बॉनर यांनी त्यास मुळांचे हॉर्मोन मानले.

यापुढील पाऊल घाईचे ठरले. अखंड रोपांनाही थायामीन दिल्यास त्यांची वाढ पुष्कळ वाढते, असे काही प्रारंभीच्या प्रयोगांत आढळले. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेतील एका लोकप्रिय मासिकाने या द्रव्याने राक्षसी आकाराची फुले मिळतात अशी वर्णने छापली व घरोघरी बागांना थायामीन घालण्याची लाट आली. नंतर अनेक संशोधन केंद्रांत काळजीपूर्वक केलेल्या तुलनात्मक प्रयोगांत थायामीन दिलेली व न दिलेली रोपे यांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. काही वर्षांतच ही लाट ओसरली. मूळ शोध चुकीचा नव्हता. तोडलेल्या मुळाला जे लागते तेच पाने असलेल्या रोपालाही बाहेरून द्यावे लागेल, हे अनुमान चुकीचे होते.

ज्या वनस्पतीत एखादे जीवनसत्त्व बनविण्याची शक्तीच नसते तिला ते बाहेरून दिल्यास परिणाम विस्मयकारक होतो. ॲरॅबिडॉप्सिसचे थायामीन बनवू न शकणारे उत्परिवर्ती प्रकार १९५०–७० या काळात अभ्यासले गेले. त्यांची रोपे फिकट पडून मरतात, पण थायामिनाचा विद्राव मिळताच हिरवी होऊन वाढू लागतात. उणीव असेल तेथेच पुरवठ्याचा उपयोग होतो, हा नियम यावरून सिद्ध होतो.

ऊतकसंवर्धन : वनस्पतीचा लहानसा तुकडा निर्जंतुक कृत्रिम माध्यमावर वाढविण्याच्या तंत्रात जीवनसत्त्वे खरोखरच आवश्यक ठरतात. सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या मुराशिगे–स्कूग माध्यमात (१९६२) दर लिटरला थायामीन ०·१ मिग्रॅ., निकोटिनिक अम्ल ०·५ मिग्रॅ. व पिरिडॉक्सीन ०·५ मिग्रॅ. असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या तंत्रावर महत्त्वाचे कार्य झाले असून तेथील आर. एस्. नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी व ए. एफ्. मस्करेन्हास यांनी बांबूला काचपात्रात अल्पकाळात फुले आणल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध केले. मुराशिगे–स्कूग माध्यमात रिबोफ्लाविन नसते. त्याची भर घातल्यास प्रकाशात ते माध्यमातील इंडॉल ॲसिटिक अम्लाचा नाश घडविते. गॉल्स्टन यांची परीक्षानळीतील विक्रिया येथे पुन्हा भेटते. जिवंत कोंबात जी निर्णायक ठरली नाही ती काचपात्रात व्यवहाराची बाब ठरते. या कारणाने कित्येक वेळा प्रकाशात अधिक टिकणारी नॅप्थॅलीन ॲसिटिक अम्लासारखी संश्लेषित ऑक्सिने पसंत केली जातात.

अखंड रोपांवरील परिणाम : वरील विवेचनावरून निरोगी रोपास बाहेरून दिलेल्या रिबोफ्लाविनाने त्याचे प्रकाशानुवर्तन का वाढू नये, हे सांगता येते. (१) हिरवे रोप रिबोफ्लाविन स्वतः तयार करते. (२) त्यातील फ्लाविनांचा फार मोठा भाग श्वसनादी क्रियांतील एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनांच्या) कामी येतो. फोटोट्रॉपिनास लागणारा हिस्सा अल्प असतो. या अल्प हिश्शासाठी उणीव भासावी एवढा तुटवडा पडला, तर रोपाचे श्वसनच अगोदर अडेल. (३) प्रकाशग्रहणात फ्लाविन खर्च होत नाही. (४) फोटोट्रॉपिनाचे प्रमाण त्या प्रथिनाच्या जीनावर व रोपाच्या अवस्थेवर अवलंबून असते. कच्चा माल वाढविल्याने प्रथिन वाढत नाही. (५) रिबोफ्लाविन प्रकाशात अस्थिर असून उन्हात फवारलेल्या विद्रावात त्याचे लवकर विघटन होते. थायामीन, निकोटिनिक अम्ल, क जीवनसत्त्व इत्यादींचा तर प्रकाशाची दिशा ओळखण्याच्या यंत्रणेत ग्राहक म्हणून भागच नाही.

याचा अर्थ फवारलेल्या जीवनसत्त्वांचा वनस्पतींवर कोणताच परिणाम होत नाही असा नव्हे. रिबोफ्लाविनाच्या फवारणीने काही वनस्पतींची रोगप्रतिकारशक्ती जागृत होते, असे २००० मध्ये व थायामिनाने भातात तसेच घडते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षार वा पाण्याचा ताण असलेल्या पिकांवर क जीवनसत्त्वाचे प्रयोगही झाले आहेत. मात्र हे परिणाम संरक्षणयंत्रणेला मिळालेल्या सूचनेसारखे आहेत. ते पोषणाचे नाहीत व प्रकाशानुवर्तनाचेही नाहीत. भारतात खत (नियंत्रण) आदेश, १९८५ यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून ‘जैवउत्तेजके’ हा वर्ग प्रथमच नियमनाखाली आणला गेला व त्याच्या उपवर्गांत जीवनसत्त्वांचाही समावेश झाला. अशा उत्पादनाचे घटक, त्यांचे प्रमाण व ज्या पिकासाठी ते आहे त्याचा उल्लेख तपासून घेणे खरेदीदाराच्या हिताचे असते.

चाकण परिसरातील व्यवहार : चाकण हे सु. १८° ४५′ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य तेथे मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्ही डोक्यावर येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र मध्यान्हीही तो दक्षिणेस क्षितिजापासून सु. ४८° उंचीवरच असतो. म्हणून उघड्या रानातील पिकांत प्रकाशानुवर्तन फारसे नजरेत भरत नसले, तरी हिवाळ्यात भिंतीलगतची, वळचणीखालची वा खिडकीतील रोपे स्पष्टपणे कललेली दिसतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात वसाहती दाट झाल्याने सज्जात वा गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्या ठेवण्याचा प्रघात वाढला आहे. अशा ठिकाणी प्रकाश एकाच बाजूने मिळतो. कललेली तुळस अशक्त झाली असे समजून तिच्या कुंडीत माणसांसाठीची ब-समूहाची गोळी विरघळवून घालण्यात येते. वस्तुतः कललेले रोप रोगट नसून त्याची प्रकाशयंत्रणा उत्तम चालू असल्याचे ते लक्षण आहे. दर दोन-तीन दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरविल्यास नवी वाढ सरळ येते.

रोपवाटिकेत कलणे व उंच, किडकिडीत, पिवळट वाढ होणे (पांडुरता) यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्याचे कारण प्रकाशाची दिशा, तर दुसऱ्याचे प्रकाशाची उणीव किंवा रोपांची अतिदाटी हे होय. दोन्हींवर उपाय प्रकाशाचा आहे, द्रावणाचा नव्हे. कांद्याचे बी गादीवाफ्यावर विरळ व ओळीत टाकणे, वाफे झाडांच्या व भिंतींच्या सावलीबाहेर ठेवणे, रोपांच्या तबकांच्या जागा व दिशा वेळोवेळी बदलणे आणि एका बाजूस भिंत असल्यास तिला पांढरा रंग देणे या गोष्टी पुरेशा होतात. खेड तालुक्यातच राजगुरुनगर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय असून रोपवाटिकेसंबंधीचे शास्त्रीय मार्गदर्शन त्या संस्थेकडून उपलब्ध होते.

चाकणच्या पश्चिमेस मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुष्पोत्पादनासाठी स्वतंत्र क्षेत्र उभारले आहे. तेथील हरितगृहांत निर्यातीसाठी गुलाबाचे उत्पादन होते. लांब व सरळ दांडा हा निर्यातक्षम गुलाबाच्या प्रतीचा एक निकष असल्याने प्रकाशानुवर्तनाला येथे आर्थिक महत्त्व येते. प्रकाश सर्व बाजूंनी विखरून देणारे प्लॅस्टिकचे आच्छादन, ओळींची योग्य दिशा आणि धूळ साचलेल्या बाजू वेळच्या वेळी धुणे हे येथील खरे उपाय होत. कृत्रिम दिवे वापरताना त्यांत निळा भाग आहे की नाही हे पाहावे लागते, कारण केवळ तांबड्या दिव्याने कोंबाला प्रकाशाची दिशा कळत नाही.

साधा प्रयोग : जीवनसत्त्वयुक्त द्रावणासंबंधीचा दावा शाळेत वा शेतावरही तपासून पाहता येतो. एकाच पिशवीतील बाजरीचे दाणे सारख्या मातीच्या चार कुंड्यांत प्रत्येकी वीस याप्रमाणे पेरून त्या पूर्ण काळोखात ठेवाव्यात. दोन कुंड्यांना साधे पाणी व दोन कुंड्यांना तेवढ्याच पाण्यात विरघळविलेले द्रावण मातीत घालावे. ते कोंबांवर पडू देऊ नये, कारण रिबोफ्लाविनाचा पिवळा थर स्वतःच निळा प्रकाश अडवितो. कोंब दोन-तीन सेंमी. झाल्यावर चारही कुंड्या आतून काळा कागद लावलेल्या व एका बाजूस उभी फट ठेवलेल्या खोक्यात फटीपासून सारख्या अंतरावर मांडाव्यात. सहा ते आठ तासांनी प्रत्येक कोंबाचा उभ्या रेषेशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. कोणत्या कुंडीला काय दिले हे मोजणाऱ्यास ठाऊक नसावे. दोन्ही गटांच्या सरासरींतील फरक एकाच गटातील दोन कुंड्यांत दिसणाऱ्या फरकाहून मोठा नसल्यास द्रावणाचा परिणाम झाला असे म्हणता येत नाही. यानंतर खोक्याच्या फटीवर तांबडा पारदर्शक कागद लावून प्रयोग पुन्हा केल्यास कोंब जवळजवळ सरळच राहतात व प्रकाशानुवर्तन निळ्या प्रकाशावर अवलंबून असल्याचे प्रत्यक्ष दिसते. १९३९ च्या थायामीन-लाटेत उणीव होती ती अशाच तुलनेची : द्रावण दिलेले रोप सर्वांनी पाहिले, न दिलेले रोप त्याच्या शेजारी ठेवून फार थोड्यांनी पाहिले.